हुकमी रिसीव्हरला झुकते माप द्यावे का?

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा, की आपला मुलगा अमेरिकेतील एका हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, आहे, त्याच संघातला एक रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारा खेळाडू, बाकीच्यांपेक्षा कितीतरी सरस आहे, मुख्य प्रशिक्षक ‘शंका आली की चेंडू त्याच्याकडेच टाक’ असे सांगतात, आणि इतर मुलांचे पालक प्रेक्षकांच्या बाकांवर बसून अशी कुजबुज करतात की हा मुलगा मैत्रीपोटी एकालाच पास देतो व बाकीचे नुसते पळून दमतात. यांत बरोबर कोण, असे आपण विचारले आहे. ओहायोमध्ये हायस्कूल स्तरावर क्वार्टरबॅकना शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि माझे उत्तर दोन्ही बाजूंना पुरते पटेल असे नाही.

हुकमी रिसीव्हरला झुकते माप जरूर द्यावे. संघातला सर्वांत चांगला खेळाडू चेंडूविना ठेवण्यात कसलीही न्यायबुद्धी नाही, तो निव्वळ अपव्यय आहे. परंतु हे माप चाल आखताना द्यायचे असते. रचना कोणती लावायची, तो कुठे उभा राहील, स्नॅपपूर्वी, म्हणजे चाल सुरू होऊन चेंडू क्वार्टरबॅककडे येण्यापूर्वी, कोणाला हलवायचे, क्वार्टरबॅकने ज्या क्रमाने रिसीव्हर पाहायचे त्यात पहिले नाव कोणाचे, हे ठरवताना त्याचा हक्क पहिला. एकदा स्नॅप होऊन चेंडू हातात आला, की पुढच्या अडीच-तीन सेकंदांत बचाव जे दाखवील त्यावरच निर्णय व्हायला हवा, आणि तिथे कोणाचीही जागा राखीव नसते. प्रशिक्षकांचा सल्ला ही सीमारेषा ओलांडतो. पालकांची तक्रार तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, कारण ते केवळ पास मोजतात.

पास मोजून काहीच का कळत नाही, हे पाहायचे तर एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या मॅथ्यू स्टॅफर्डइतके चांगले उदाहरण नाही, कारण तिथे क्वार्टरबॅक एकच आहे आणि हुकमी रिसीव्हर दोन. २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, डेट्रॉइट लायन्सने स्टॅफर्डला पहिल्याच क्रमांकावर निवडले, तेव्हा तिथे कॅल्विन जॉन्सन आधीपासून होता. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, धावपटूचा वेग आणि हवेतला चेंडू कोणाच्याही डोक्यावरून काढून घेण्याची ताकद. २०१२ च्या मोसमात स्टॅफर्डने ७२७ पास फेकले, जो २०२२ पर्यंत एनएफएलमधला एका मोसमाचा विक्रम होता. त्या वर्षी जॉन्सनच्या दिशेने २०४ पास गेले, त्याने १२२ पकडले आणि झेलांतून १,९६४ यार्ड पुढे जाण्याचा विक्रम केला. संघाने मात्र १६ पैकी चारच सामने जिंकले, आणि एवढे यार्ड मिळवणाऱ्या जॉन्सनच्या नावावर टचडाउन, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू पोहोचवणे, अवघे पाच लागले.

पुढे २०२१ मध्ये स्टॅफर्ड लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. तिथे त्याला कूपर कप मिळाला. कप हा २०१७ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत, ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या तुलनेने लहान विद्यापीठातून आलेला. जॉन्सनची उंची नाही की वेग नाही. त्या मोसमात कपच्या दिशेने १९१ पास गेले, त्याने १४५ पकडले, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन मिळवले, म्हणजे झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत तो लीगमध्ये पहिला आला. संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही कपच ठरला.

आता हिस्सा काढून पाहू. २०१२ मध्ये जॉन्सनकडे गेलेले पास सुमारे २८ टक्के भरतात. २०२१ मध्ये स्टॅफर्डने ६०१ पास फेकले, म्हणजे कपचा हिस्सा ३२ टक्क्यांच्या जवळ जातो. ज्या वर्षी संघ जिंकला त्या वर्षी झुकते माप जास्त होते. इतकेच नव्हे, तर हुकमी रिसीव्हरकडे फेकलेल्या प्रत्येक पासमागे मिळालेले यार्ड पाहिले तर दोन्ही मोसमांत फारसा फरक दिसत नाही. जॉन्सनचे साडेनऊहून थोडे अधिक, कपचे दहाहून थोडे अधिक. खरा फरक उरलेल्या पासांत आहे. स्टॅफर्डचे २०१२ चे एकूण यार्ड ४,९६७ आणि २०२१ चे ४,८८६. त्यांतून हुकमी रिसीव्हरचे यार्ड वजा केले, तर इतरांकडे फेकलेल्या प्रत्येक पासमागे डेट्रॉइटला ढोबळ हिशेबाने पावणेसहा यार्ड पडत होते आणि लॉस एंजेलिसला सातहून अधिक. जाता जाता सांगतो, इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास, दोन्ही मोसमांत सतराच होते. त्यामुळे ‘वयानुसार शहाणपण आले’ हे सोपे स्पष्टीकरणही लागू पडत नाही.

डेट्रॉइटमध्ये त्या वर्षी दुसरा रिसीव्हर टिकलाच नाही. नेट बर्लसनचा पाय ऑक्टोबरमध्ये मोडला आणि नवखा रायन ब्रॉयल्स डिसेंबरमध्ये गुडघा दुखावून बाहेर गेला. परिणामी प्रतिस्पर्ध्यांना जॉन्सनवर दोन माणसे लावण्याची किंमत मोजावी लागत नव्हती. लॉस एंजेलिसमध्येही रॉबर्ट वूड्स नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला होता, परंतु त्याच सुमारास ओडेल बेकहॅम संघात आला आणि मुख्य म्हणजे रॅम्सचे प्रशिक्षक शॉन मॅकव्हे यांच्या आखणीत दुसरा माणूस कोण, यापेक्षा दुसरा माणूस कुठे आणि केव्हा मोकळा होईल, याचे उत्तर प्रत्येक चालीत आधीच दिलेले असे. म्हणून पालकांना माझे सांगणे असे असेल की हुकमी रिसीव्हरला किती पास गेले हे मोजू नका. त्याच्यावर दोघे गेले तेव्हा उरलेल्यांना चेंडू पोहोचला का, एवढेच मोजा.

बचाव दोघांना कसे लावतो हे इथे नीट सांगितले पाहिजे, कारण ‘दोघे होते तरी फेकला’ ही तक्रार पुष्कळदा अर्धवट असते. रिसीव्हरच्या जवळ दोन बचावपटू दिसणे आणि त्याला दोघांनी कात्रीत धरणे यांत फार अंतर आहे. एकाने खालून आणि एकाने वरून, म्हणजे कॉर्नरबॅकने (कडेच्या बचावपटूने) त्याच्या अंगाला चिकटून आणि सेफ्टीने (मागे खोलवरच्या बचावपटूने) त्याच्या डोक्यापलीकडे उभे राहून पहारा केला, तर आखूड पास कॉर्नर तोडतो आणि लांब पास सेफ्टी. आतून-बाहेरून धरले, तर मध्याकडे वळणारे आणि कडेकडे वळणारे दोन्ही रूट, म्हणजे रिसीव्हरच्या ठरलेल्या वाटा, बंद होतात, पण सरळ खोलवरचा रस्ता काही वेळा उघडा राहतो. आणि दोन्ही बचावपटू त्याच्या मागेच धावत असतील, तर ते दोघे असूनही नसल्यासारखेच. जॉन्सनसारख्या खेळाडूच्या बाबतीत ‘मोकळा’ या कसोटीतही सूट द्यावी लागते. ऑक्टोबर २०११ मध्ये डॅलसविरुद्ध, २७-३ असे मागे पडलेल्या लायन्सने तो सामना ३४-३० असा जिंकला, तेव्हा जॉन्सनने तीन बचावपटूंच्या मध्ये उडी घेऊन एक टचडाउन काढला होता. तो पास चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, कारण चेंडू इतक्या उंचीवर टाकला होता की तो मिळाला तर जॉन्सनलाच मिळाला असता. मात्र आपल्या मुलाचा मित्र कितीही चांगला असला तरी तो जॉन्सन नाही, आणि ही सूट त्याला देऊ नये.

क्रिकेटचा जाणकार ही गोष्ट चटकन ओळखेल. एक फलंदाज जमलेला असतो, दुसऱ्या टोकाला तळाचा गोलंदाज असतो, आणि क्षेत्ररक्षण करणारा कर्णधार जमलेल्या फलंदाजासाठी सगळे क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पाठवून षटकाच्या पहिल्याच चेंडूवर एक धाव मुद्दाम देऊ करतो. बचाव हुकमी रिसीव्हरवर दुसरा माणूस पाठवतो तेव्हा तो हीच एक धाव देऊ करीत असतो. ती घ्यायची की नाही हे तळाच्या फलंदाजाला बॅट धरता येते की नाही यावर अवलंबून आहे. फुटबॉलमध्ये फरक इतकाच, की मैदानात पास पकडू शकणारे पाच जण असतात आणि एकावर दोघे गेल्यावर बचावाकडे माणसे कमी उरतात. त्यामुळे देऊ केलेली धाव बहुतेक वेळा घेण्याजोगी असते.

ती घ्यायची कशी, याचे उत्तर माझ्या मते डोक्यापेक्षा पायांत आहे, आणि मी शिकवताना सर्वाधिक वेळ इथेच घालवतो. पाच पावलांच्या ड्रॉपमध्ये क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे जातो. पाचवे पाऊल, म्हणजे मागचा पाय, जमिनीत रोवला जातो त्या क्षणी पहिल्या रिसीव्हरचा रूट वळणावर आलेला असतो. चेंडू तेव्हाच सुटला पाहिजे. सुटला नाही, तर शरीर किंचित पुढे घेणारी एक छोटी उडी, जिला आम्ही हिच म्हणतो, आणि त्या उडीबरोबर खांदे दुसऱ्या रिसीव्हरकडे वळतात. दुसरी हिच झाली की तिसरा, आणि त्यानंतर बॅकफील्डमधून, म्हणजे क्वार्टरबॅकच्या आसपासून, बाहेर पडलेल्या रनिंग बॅककडे (एरवी चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे) आखूड पास. हुकमी रिसीव्हरवर जीव असलेल्या मुलांचे पाय इथेच पकडले जातात. पाचवे पाऊल रोवले, चेंडू सुटला नाही, आणि पाय मात्र त्याच दिशेला रोखलेले; मुलगा मित्र मोकळा होण्याची वाट पाहत दुसरी आणि तिसरी हिच एकाच जागी घेतो. व्हिडिओचा आवाज बंद करून, रिसीव्हर कागदाने झाकून केवळ क्वार्टरबॅकच्या कमरेखालचा भाग पाहिला, तरी तो क्रमाने पाहतो आहे की एकाचीच वाट पाहतो आहे हे स्पष्ट कळते. आपण आपल्या मुलाच्या पुढच्या सामन्याचे चित्रण असे एकदा पाहावे, अशी माझी शिफारस आहे.

पायांनंतर डोळे. सेफ्टी, विशेषतः मैदानाच्या मध्यभागी एकटा खोलवर उभा असलेला, क्वार्टरबॅकच्या नजरेवरून आणि खांद्यांवरून दिशा घेतो. जो मुलगा स्नॅपपासून हुकमी रिसीव्हरकडे टक लावून पाहतो, तो बचावाला दुसरा माणूस तिथे पाठवण्याचा सांगावाच धाडतो. एकास एक असलेला पहारा तो स्वतःच दुहेरी करून घेतो. इंग्लवूडमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये झालेल्या सुपर बोलमधली रॅम्सची शेवटची चढाई या दृष्टीने पुन्हा पाहावी. रॅम्स १६-२० असे मागे होते, बेकहॅम दुसऱ्या क्वार्टरमध्येच गुडघा दुखावून बाहेर गेला होता, आणि पंधरा चालींत ७९ यार्ड कापायचे होते. चेंडू कपकडे जाणार हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, सिनसिनाटी बेंगल्सच्या बचावाला तर नक्कीच. तरीही तो कपकडेच पुन्हा पुन्हा गेला, कारण प्रत्येक वेळी तो वेगळ्या वाटेने गेला. चौथ्या, म्हणजे शेवटच्या, प्रयत्नात चेंडू आपल्याकडे राखायला एक यार्ड हवा होता तेव्हा पास फेकलाच नाही. कपला आडवे धावत आणून चेंडू त्याच्या हातात दिला आणि त्याने सात यार्ड काढले. पुढे याच चढाईत स्टॅफर्डने नजर भलतीकडे रोखून सेफ्टीला हलवले आणि न पाहता मध्यभागी कपला २२ यार्डांचा पास दिला. शेवटचा एक यार्डाचा टचडाउनही कपचाच, आणि घड्याळात तेव्हा एक मिनिट २५ सेकंद उरले होते. रॅम्सने सामना २३-२० असा जिंकला. झुकते माप याहून जास्त देता येणार नाही, आणि ते याहून कमी उघडे करता येणार नाही.

कप एरवीही बहुधा स्लॉटमध्ये, म्हणजे लाइनच्या (चेंडूजवळ पुढे उभ्या असलेल्या खेळाडूंच्या रांगेच्या) जवळ आतल्या बाजूला उभा असे, आणि स्नॅपपूर्वी त्याला हलवले जाई. कडेला उभ्या राहणाऱ्या रिसीव्हरला एका बाजूने सीमारेषाच अडवते, त्यामुळे त्याला कात्रीत धरणे सोपे. आत उभा असलेला दोन्हीकडे वळू शकतो, आणि हलता असेल तर त्याच्यावर कोण, याचा निर्णय बचावाला ऐनवेळी फिरवावा लागतो. मुख्य प्रशिक्षकांना हुकमी रिसीव्हरला अधिक चेंडू द्यायचे असतील, तर क्वार्टरबॅकच्या शंकेवर भिस्त ठेवण्याऐवजी त्यांनी ही कामे करावीत. एकाच रिसीव्हरला सदैव त्याच कडेला उभे करून ‘त्यालाच दे’ असे मुलाला सांगणे म्हणजे प्रशिक्षकाने आपले काम सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर टाकणे होय.

याच्या उलट टोकाचा प्रयोगही लीगमध्ये होऊन गेला आहे. २००२ च्या मोसमापूर्वी मिनेसोटा व्हायकिंग्जचे प्रशिक्षक माइक टाइस यांनी रिसीव्हर रँडी मॉसकडे सुमारे ४० टक्के पास फेकण्याचे लक्ष्य ठरवले आणि ते उघडपणे सांगितलेही. लोक त्याला ‘रँडी रेशो’ म्हणू लागले. संघ पहिले चारही सामने हरला आणि मोसम सहा विजय, दहा पराभव असा संपला. क्वार्टरबॅक डाँटे कलपेपरचे २३ पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. मॉसचे आकडे पाहिले तर मौज वाटते. २००० मध्ये, संघ अकरा सामने जिंकला तेव्हा, त्याने ७७ झेलांत १,४३७ यार्ड आणि १५ टचडाउन मिळवले होते. २००२ मध्ये झेल वाढून १०६ झाले, परंतु यार्ड १,३४७ वर आणि टचडाउन सातवर आले. जो माणूस लीगमध्ये सर्वांत खोल धावत होता त्याचा हिस्सा भरण्यासाठी त्याला आखूड पास देण्यात आले. अर्थात २००० मध्ये पलीकडच्या बाजूला दुसरा रिसीव्हर क्रिस कार्टर होता आणि २००२ मध्ये तो संघात नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. टक्केवारी हे क्वार्टरबॅकला देण्याजोगे उद्दिष्टच नव्हे. चाल कशी घडली यावरून आठवड्याअखेरीस जो आकडा निघेल तो निघेल. तो आधी ठरवला की मुलगा बचाव वाचण्याऐवजी हिशेब पूर्ण करू लागतो.

अनुभवी खेळाडू यातून सुटतात असेही नाही. २२ जानेवारी २०२२ रोजी ग्रीन बे पॅकर्सचा सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सविरुद्ध बाद फेरीचा सामना होता. पॅकर्सचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सने त्या दिवशी वीस पास पूर्ण केले. त्यांतले नऊ हुकमी रिसीव्हर डाव्हँटे ॲडम्सला आणि नऊ रनिंग बॅक ॲरन जोन्सला, म्हणजे इतर सगळ्यांच्या वाट्याला मिळून दोन. गुणफलक १०-१० असताना, शेवटच्या मिनिटांत, तिसऱ्या प्रयत्नात ११ यार्ड हवे असताना रॉजर्सने दोघांच्या पहाऱ्यात असलेल्या ॲडम्सकडे खोल पास फेकला आणि तो अपुरा ठरला. त्याच चालीत दुसरा रिसीव्हर ॲलन लझार्ड मधल्या भागात मोकळा होता. पॅकर्सला चेंडू पंट करावा, म्हणजे लाथेने दूर उडवून सोडून द्यावा, लागला आणि सॅन फ्रान्सिस्कोने शेवटच्या फील्ड गोलवर (लाथेने मारलेल्या गोलवर) १३-१० असा विजय मिळवला. रॉजर्स हा त्या पिढीतल्या सर्वांत बिनचूक क्वार्टरबॅकपैकी एक. त्याच्यासारख्याची नजर दडपणाखाली सवयीच्या माणसाकडे जाते, तर शाळकरी मुलाची जाणारच.

योगायोग असा, की त्याच तारखेला, २२ जानेवारी १९८९ रोजी, याच सॅन फ्रान्सिस्कोने मायामीत या प्रश्नाचे दुसरे उत्तर दिले होते. सिनसिनाटीविरुद्धच्या त्या सुपर बोलमध्ये रिसीव्हर जेरी राईसने ११ झेलांत २१५ यार्ड मिळवले होते आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. क्वार्टरबॅक जो मोंटानाने आपल्या ८ यार्डांच्या रेषेपासून ९२ यार्डांची चढाई केली, वाटेत राईसचा भरपूर उपयोग केला, आणि शेवटच्या १० यार्डांत राईसला हलवून बचावाचे लक्ष तिकडे ओढले. पास दुसरा रिसीव्हर जॉन टेलरकडे गेला. टेलरचा तो संपूर्ण सामन्यातला एकमेव झेल, ३४ सेकंद राखून विजयी टचडाउन, २०-१६. हुकमी रिसीव्हरचा हा उपयोग आकड्यांत कुठेच नोंदला जात नाही, आणि तो पालकांना दिसत नाही. पण टेलरपर्यंतचा रस्ता मोकळा व्हायचा, तर त्याआधी राईसला अकरा वेळा पास गेलेले असावे लागतात.

हायस्कूलची गोष्ट काही बाबतींत निराळी आहे. एनएफएलमध्ये मैदानाच्या मध्यावरच्या दोन हॅश रेषांमध्ये, म्हणजे चाल सुरू करताना चेंडू ज्यांच्या आत मांडतात त्या रेषांमध्ये, केवळ साडेअठरा फुटांचे अंतर असते, तर हायस्कूलमध्ये त्या रेषा मैदानाचे तीन सारखे भाग करतात, म्हणजे त्यांत ५३ फूट चार इंचांचे अंतर पडते. चेंडू एका हॅशवर असेल तर एक बाजू अगदी अरुंद आणि दुसरी अफाट रुंद होते. रुंद बाजूच्या कडेला वळणाऱ्या रिसीव्हरपर्यंत चेंडू पोहोचवणे सोळा वर्षांच्या खांद्याला जमत नाही. चेंडू हवेत तरंगत राहतो आणि कॉर्नरबॅक तो तोडून सरळ पलीकडच्या एंड झोनकडे, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याकडे, पळतो. म्हणून हुकमी रिसीव्हरला अरुंद बाजूला एकटे उभे करावे आणि उरलेले तिघे रुंद बाजूला ठेवावेत. मग बचावापुढे सरळ पेच पडतो: सेफ्टी एकट्याकडे पाठवला तर तिघांसमोर माणसे अपुरी, तिघांकडे पाठवला तर हुकमी रिसीव्हर एकास एक, आणि तोही जिथे फेक आखूड आहे अशा बाजूला. हा पेच आपल्या मुलाला स्नॅपपूर्वीच दिसतो. त्याने फक्त एका माणसाकडे, त्या सेफ्टीकडे, पाहायचे. हायस्कूलमध्ये बहुतेक बचाव आपला डाव लपवत नाहीत, त्यामुळे स्नॅपपूर्वी जे दिसते तेच नंतरही पुष्कळदा खरे असते, आणि हा मोठाच फायदा आहे.

आता प्रशिक्षकांच्या त्या वाक्याकडे, ‘शंका आली की त्याच्याकडे टाक’. शंका का येते, याचा विचार केला तर हा सल्ला उलटा आहे हे लक्षात येईल. सेफ्टी कुठे गेला हे दिसले नाही, म्हणून शंका येते. आणि सेफ्टी दिसत नसेल तेव्हा तो ज्याच्याकडे गेला असण्याचा संभव सर्वाधिक, तो हुकमी रिसीव्हरच असतो. शंका असेल तेव्हा रनिंग बॅकला आखूड पास द्यावा, नाहीतर चेंडू बाहेर फेकावा. लाइनच्या कडेच्या खेळाडूंपलीकडे धावत जाऊन, चेंडू निदान चाल सुरू झाली त्या रेषेपर्यंत पोहोचेल असा बाहेर फेकणे २०२२ पासून हायस्कूलच्या राष्ट्रीय नियमांतही वैध आहे, आणि पुष्कळ मुले ही सवलत वापरतच नाहीत. खात्री असेल तेव्हा मात्र, म्हणजे सेफ्टी दूर आहे आणि मित्रासमोर एकच कॉर्नर आहे असे दिसत असेल तेव्हा, इतर कोण मोकळा आहे हे पाहण्याचीही गरज नाही. तिथे भीडभाड न ठेवता त्याच्याकडेच फेकावे, पालक काही म्हणोत.

सरावात याची सवय लावण्याची माझी पद्धत साधी आहे. मी क्वार्टरबॅकच्या पाठीमागे उभा राहतो आणि बचावाला बोटांनी खूण करतो: एक बोट दाखवले तर हुकमी रिसीव्हरवर एकच माणूस, दोन दाखवली तर दोघे. चाल संपल्यावर मुलाने पास कोणाला दिला हे मी विचारत नाही. सेफ्टी कुठे गेला, एवढेच विचारतो. उत्तर न देता आले तर पास पूर्ण झालेला असला तरी ती चाल पुन्हा करायची. सामन्याच्या चित्रणावर गुण देतानाही हीच रीत. दोघांच्या पहाऱ्यात फेकलेला आणि मित्राने अचाट उडी मारून पकडलेला टचडाउन माझ्या वहीत उणे असतो, आणि एकास एक असताना त्याच्याकडे फेकलेला पण हातातून निसटलेला पास अधिक. पहिल्या काही आठवड्यांत मुलांना हा अन्याय वाटतो. टचडाउनला उणे का, म्हणून एखादे वडीलही येऊन भांडतात. तरीही मी ही पद्धत सोडलेली नाही, कारण तोच पास पुढे चांगल्या संघाविरुद्ध हमखास इंटरसेप्ट होतो.

उरला प्रश्न बाकीच्या रिसीव्हरांचा, आणि इथे पालकांच्या कुजबुजीत थोडे तथ्य आहे, जरी ते न्याय-अन्यायाच्या भाषेत बोलत असले तरी. आपल्याकडे चेंडू कधीच येणार नाही हे ठाऊक झालेला मुलगा रूट अर्ध्या वेगाने धावतो. तो अर्ध्या वेगाने धावला की त्याच्यावरचा बचावपटू त्याला सोडून हुकमी रिसीव्हरकडे सरकतो, आणि नुकसान शेवटी हुकमी रिसीव्हरचेच होते. म्हणून पहिल्या दोन-तीन चढायांत दुसऱ्या व तिसऱ्या रिसीव्हरसाठी खास आखलेला एकेक सोपा पास असावा, असे आपण प्रशिक्षकांना नम्रपणे सुचवू शकता. ते ऐकतील की नाही हे सांगता येत नाही. अमेरिकेतले हायस्कूल प्रशिक्षक पालकांच्या सूचना फारशा मनावर घेत नाहीत, आणि बऱ्याचदा ते योग्यच असते. मुलाला मात्र आपण एक काम निश्चित सांगू शकता: एखाद्या चालीत दुसऱ्या रिसीव्हरने बचावपटूला खोलवर ओढून नेल्यामुळे मित्र मोकळा झाला असेल, तर परत हडलमध्ये, म्हणजे दोन चालींमधल्या घोळक्यात, आल्यावर त्या दुसऱ्या रिसीव्हरला त्याने ते सगळ्यांसमोर बोलून दाखवावे.

मित्राशीही एकदा बोलावे लागेल, आणि ते मोसमाच्या आरंभीच. जो रिसीव्हर आपल्याकडे पास आला नाही की हात उंचावून तक्रार करतो, तो बचावालाही आपण पुढच्या वेळी चेंडू मागणार आहोत हे सांगत असतो. आपल्या मुलाने त्याला साध्या शब्दांत सांगावे की तुझ्यावर एक जण असेल तेव्हा चेंडू तुझाच, दोघे असतील तेव्हा तू पूर्ण वेगाने धावून त्यांना घेऊन जा, आणि ते दोघे कुठून आले हे परत आल्यावर मला सांग. ही शेवटची माहिती फार मोलाची असते, कारण पहारा आतून-बाहेरून होता की खालून-वरून, हे त्या दोघांमध्ये सापडलेल्या माणसाला क्वार्टरबॅकपेक्षा कितीतरी नीट कळते, आणि पुढच्या चढाईत त्याच रचनेतून त्याला उघड्या राहिलेल्या बाजूचा रूट देता येतो.